Explained नव्हे, सोप्या भाषेत : अणुइंधनाच्या तलावातही जिवाणू का मरत नाहीत? पहिला धागा एका कापड दुकानदाराकडे

अणुभट्टीतले वापरलेले इंधन थंड होण्यासाठी काही वर्षे खोल तलावात ठेवतात. पाणी क्षारमुक्त, वर किरणोत्सार. जिवाणूंना खायला जवळपास काहीच नाही. तरीही काही तलावांत स्टीलवर त्यांचा बुळबुळीत थर आढळला आहे. यालाच बायोफिल्म म्हणतात. थराखाली धातू गंजू शकतो. औषध टाकले तर वरचे मरतात, आतले वाचतात. हे सर्वांत आधी ज्यांच्या लक्षात आले, ते अँटनी व्हॅन लेव्हेनहूक शास्त्रज्ञ नव्हतेच.

जन्म १६३२, नेदरलँड्समधील डेल्फ्ट. १६ व्या वर्षी ॲमस्टरडॅमला कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारी, मग १६५४ मध्ये गावात स्वतःचे दुकान. कापडाची वीण भिंगातून तपासत, बहुधा तिथूनच नाद लागला. त्यांनी ५०० हून अधिक भिंगे बनवली. त्यांच्या उरलेल्या सूक्ष्मदर्शकांपैकी सर्वांत चांगला वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतो.

लॅटिन येत नव्हते, म्हणून १६७३ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीला ते डच भाषेतच पत्रे लिहीत. मिरी तिखट का, हे शोधायला त्यांनी ती पाण्यात भिजवली आणि त्या पाण्यात वळवळणारे जीव दिसले! १६७६ च्या या पत्रावर लंडनमध्ये विश्वास बसेना. त्यांनी गावातल्या प्रतिष्ठितांच्या साक्षी पाठवल्या. १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी स्वतः ते जीव पाहिले, तेव्हा वाद मिटला. १६८० मध्ये सोसायटीने त्यांना सदस्य केले.

आपल्या विषयाचे पत्र १६८३ चे, दातांवरच्या किटणाचे. किटण काढून व्हिनेगरमध्ये कालवले की जीव लगेच मरत. दातांवर मात्र व्हिनेगर चोळूनही ते जिवंत सापडत. व्हिनेगर थराच्या आत पोहोचत नाही, हे त्यांनी ताडले. जिवाणू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात, हे कळायला पुढे काही शतके लागली.

हाच चिवटपणा अमेरिकेतील थ्री माईल आयलंड प्रकल्पात नडला. १९७९ च्या अपघातानंतर इंधन काढताना, १९८६ मध्ये, सूक्ष्मजीवांमुळे भट्टीतले पाणी इतके गढूळ झाले की काम अडले. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे लागले.

लेव्हेनहूक १७२३ मध्ये ९० व्या वर्षी वारले. अखेरच्या आजारातही स्वतःच्या लक्षणांची पत्रे लंडनला जातच होती. सर्वांत चांगली भिंगे कशी बनवली, ते मात्र त्यांनी कुणालाच सांगितले नाही.