लेपांटोचा शिपाई : सर्व्हांटीस

डॉन क्विक्झोट या वेड्या सरदाराची गोष्ट आमच्या बहुतेक विद्यार्थिमित्रांनीं ऐकली असेल. पवनचक्क्यांस राक्षस समजून त्यांवर भाला रोखून धांवणारा तो हाडकुळा वीर, त्याचा तसाच हाडकुळा घोडा, आणि गाढवावर बसून मागून येणारा लठ्ठ सांको पांझा, हीं चित्रें डोळ्यांपुढें आलीं म्हणजे हंसूं आवरत नाहीं. परंतु ही गोष्ट लिहिणारा मिगेल द सर्व्हांटीस हा आधीं शिपाई होता, लढाईंत त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला होता, आणि मायदेशीं परतल्यावर पंचवीस वर्षें त्यास आपली म्हणून जागा सांपडली नव्हती, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. त्याचेंच चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

सर्व्हांटीसचा जन्म स्पेन देशांत, माद्रिदजवळच्या आल्काला द एनारेस या गांवीं इ. स. १५४७ मध्यें झाला. बाप साधा शस्त्रवैद्य होता. हाडें बसविणें, रक्त काढणें असलीं कामें करून तो संसार चालवी. पण मिळकत थोडी व तोंडें अनेक. कर्जापायीं त्यास एकदां तुरुंगही पाहावा लागला. अशा घरांतला हा मुलगा तरुणपणीं इटलींत गेला व तेथें स्पेनच्या फौजेंत दाखल झाला.

ता. ७ ऑक्टोबर १५७१ रोजीं ग्रीसच्या किनाऱ्याजवळ लेपांटो येथें तुर्कांचें आरमार आणि स्पेन, व्हेनिस व पोप यांचें संयुक्त आरमार यांची मोठी लढाई झाली. सर्व्हांटीस त्या दिवशीं तापानें फणफणला होता. खालीं निजून राहावें असें सोबत्यांनीं त्यास विनविलें. पण आजाराच्या निमित्तानें लढाई चुकविणें त्यास लाजिरवाणें वाटलें. त्यानें धोक्याची जागा मागून घेतली. छातींत दोन गोळ्या बसल्या व तिसरीनें डावा हात जायबंदी केला. कित्येक महिने रुग्णालयांत काढून तो पुन्हां पलटणींत रुजू झाला व आणखी कांहीं मोहिमा त्यानें केल्या.

सन १५७५ मध्यें तो भावासह मायदेशीं निघाला. सेनापति डॉन जुआन याचें शिफारसपत्र त्याच्याजवळ होतें. त्या पत्राच्या बळावर चांगली बढती मिळेल अशी त्याची उमेद होती. परंतु वाटेंत समुद्रावरील चांच्यांनीं जहाज धरलें व दोघां भावांस आल्जीअर्स येथें गुलाम म्हणून नेलें. तेथें तें पत्रच त्याच्या गळ्यांतला फांस झालें! एवढ्या मोठ्या माणसाची शिफारस, तेव्हां हा कैदी कोणी बडा असला पाहिजे, असें समजून मालकानें त्याच्या सुटकेची किंमत भारी ठेवली. घरच्यांनीं जमविलेल्या पैशांत १५७७ सालीं भाऊ सुटला. हा मागें राहिला. चार वेळां त्यानें पळून जाण्याचा बेत रचला व चारही वेळां तो फसला. प्रत्येक वेळीं त्यानें सारा दोष आपल्या एकट्याच्या माथीं घेतला, सोबत्यांचीं नांवें सांगितलीं नाहींत. अखेर सप्टेंबर १५८० मध्यें, त्यास कॉन्स्टँटिनोपलला नेणाऱ्या जहाजावर चढविलें असतां, ट्रिनिटेरियन पंथाच्या साधूंनीं पांचशें सोन्याचीं नाणीं भरून त्याची सुटका केली.

तो घरीं आला तेव्हां तेहतीस वर्षांचा होता. येथून पुढची त्याची लढाई निराळी होती, आणि ती अधिक कठीण होती असें आम्हांस वाटतें. रणांगणावर शिपायाचें काम काय, हें ठरलेलें असतें. शत्रु समोर असतो, शेजारीं सोबती असतो. घरीं परतल्यावर यांपैकीं कांहींच उरत नाहीं. लेपांटोच्या विजयास नऊ वर्षें लोटलीं होतीं. ज्यानें शिफारस दिली होती तो डॉन जुआन १५७८ सालींच वारला होता. घर कर्जांत बुडालेलें. जुन्या जखमांचें मोल विचारणारा दरबारांत कोणी राहिला नव्हता.

त्यानें नाटकें लिहून पाहिलीं, १५८५ सालीं एक कादंबरी छापली; पण त्यांवर पोट भरेना. मग १५८७ पासून स्पेनच्या आरमारासाठीं गांवोगांव हिंडून गहूं व तेल वसूल करण्याची नोकरी त्यानें धरली. शेतकरी शिव्या देत. चर्चच्या मालकीचें धान्य घेतल्याबद्दल त्यास धर्मबहिष्कृतही करण्यांत आलें. सन १५९० मध्यें त्यानें आपल्या चाकरीचा सर्व इतिहास मांडून सरकारास अर्ज केला, कीं अमेरिकेंतील वसाहतींत चार जागा मोकळ्या आहेत, त्यांपैकीं एक मिळावी. अर्ज नामंजूर झाला. पुढें सरकारी कर वसूल करण्याचें काम मिळालें. ती रक्कम त्यानें ज्या पेढीवाल्याकडे ठेवली होती त्याचें दिवाळें निघालें, आणि १५९७ मध्यें सेव्हिलच्या तुरुंगांत जाण्याची पाळी या जुन्या शिपायावर आली. ज्या राज्यासाठीं हात गमावला, त्याच राज्याचा हा तुरुंग!

एखादा मनुष्य येथें कडवट होऊन बसला असता. गेल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत व जगास दोष देत त्यानें उरलेले दिवस काढले असते, तरी त्यास नांवें ठेवण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें. परंतु सर्व्हांटीसनें दुसरी वाट धरली. धर्मशाळा, खेंचरवाले, न्हावी, शेतकरी, कैदी, रस्त्यावर भेटणारे नाना तऱ्हेचे लोक त्यानें उघड्या डोळ्यांनीं पाहिले होते. जी वणवण त्यास शिक्षा वाटली असेल, तीच त्याची शाळा ठरली. डॉन क्विक्झोटची कल्पना आपणांस तुरुंगांत सुचली, असें त्यानेंच प्रस्तावनेंत सुचविलें आहे. सन १६०५ मध्यें, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं, त्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला व त्याच वर्षीं त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. हक्क आधींच विकलेले असल्यामुळें ग्रंथकर्ता मात्र श्रीमंत झाला नाहीं.

हा ग्रंथ केवळ हंसविण्यासाठीं नाहीं. ज्या शौर्याची आतां कोणास गरज उरली नाहीं, तें उराशीं धरून घराबाहेर पडणारा क्विक्झोट, आणि लेपांटोची जखम घेऊन दारोदार फिरणारा त्याचा कर्ता, यांचें नातें सुज्ञ वाचकांच्या लक्षांत येईलच. पहिल्या भागांत आल्जीअर्सहून सुटलेल्या एका कैद्याची कथा आहे. दुसऱ्या भागांत, फौजेंत भरती होण्यास निघालेल्या एका पोराशीं बोलतांना क्विक्झोट म्हाताऱ्या व अपंग शिपायांचा विषय काढतो, आणि काम संपलें कीं वृद्ध गुलामांस मुक्त केल्याचें सांगून उपाशी घालवून देणाऱ्या धन्यांसारखी वागणूक शिपायांस मिळूं नये असें बजावतो. हे शब्द ज्यानें लिहिले त्यास त्यांचा अर्थ पुस्तकांतून शिकावा लागला नव्हता.

सन १६१४ मध्यें कोणा एकानें टोपणनांवानें क्विक्झोटचा बनावट दुसरा भाग छापला व सर्व्हांटीसच्या वार्धक्याची आणि लुळ्या हाताची टर उडविली. दुसऱ्या वर्षीं आपला खरा दुसरा भाग काढतांना त्यानें शांतपणें उत्तर दिलें. हा हात दारूच्या गुत्त्यांत नव्हे तर मोठ्या लढाईंत गेला. आणि पुन्हां निवड करावयाची झाली तर धडधाकट राहून त्या लढाईस मुकण्यापेक्षां आपण ही जखमच पत्करूं, असा त्याचा आशय होता. लेखक झाला म्हणून त्यानें शिपाईपण टाकलें नाहीं, आणि शिपाईपणाच्या अभिमानावर नुसता बसूनही राहिला नाहीं.

ता. २२ एप्रिल १६१६ रोजीं माद्रिद येथें तो मरण पावला. ज्या ट्रिनिटेरियन पंथानें त्यास गुलामींतून सोडविलें, त्याच पंथाच्या मठांत त्याचें दफन झालें. काळाच्या ओघांत कबरेची जागा विसरली गेली. पुढें २०१५ सालीं तज्ज्ञांनीं त्या मठांत शोध करून कांहीं अस्थि त्याच्या असाव्यात असें जाहीर केलें, व त्या सन्मानानें पुन्हां पुरण्यांत आल्या.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेंत वा व्यवहारांत एखादें दार बंद झालें म्हणजे आपला उपयोग संपला असें समजूं नका. सर्व्हांटीसचें खरें काम सत्तावन्नाव्या वर्षीं जगापुढें आलें. आणि पालकांसही आमची एक विनंति आहे. आपल्या आळींत एखादा निवृत्त शिपाई असेल तर मुलांस त्याच्याजवळ बसूं द्यावें, आणि केवळ लढाईच्या गोष्टी न विचारतां, आतां तो काय करतो व त्यास काय करावेंसें वाटतें, हेंही विचारूं द्यावें. सर्व्हांटीसला हा प्रश्न त्याच्या देशांत वेळेवर कोणी विचारला नाहीं.