बलूनचा जनक : जोसेफ माँगोल्फिए

होळी पेटली म्हणजे तिच्या ज्वाळांवरून जळक्या कागदाचे व गवताचे कपटे भराभर वर चढतात, कौलांपलीकडे जातात आणि विझून पुन्हां अंगणांत येऊन पडतात. हें दृश्य आपल्यापैकीं प्रत्येकानें पाहिलें आहे. चीन देशांत तर फार पूर्वींपासून कागदी कंदील याच युक्तीनें आकाशांत सोडीत असत. परंतु जें कपट्याला साधतें तें माणसाला कां साधूं नये, हा प्रश्न मनांत धरून त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करणारा मनुष्य अठराव्या शतकांत फ्रान्स देशांत निघाला. त्याचें नांव जोसेफ मिशेल माँगोल्फिए. त्याचें चरित्र आम्ही येथें देत आहों, तें विद्यार्थ्यांस एका शोधकाची ओळख व्हावी म्हणून तर खरेंच. परंतु शिक्षकाचा पेशा पत्करलेल्या आमच्यासारख्यांनींही त्यांतून कांहीं शिकावें असें आम्हांस वाटतें, म्हणूनही.

जोसेफचा जन्म २६ ऑगस्ट १७४० रोजीं दक्षिण फ्रान्समधील आनोने गांवाजवळ विदालाँ येथें झाला. त्याचा बाप पिएर हा कागदाच्या कारखान्याचा धनी होता; शिस्तीचा भोक्ता व कामांत मोठा कडक. त्याला सोळा मुलें झालीं. त्यांत जोसेफ बारावा, आणि त्याच्याहून चार वर्षांनीं धाकटा असलेला एत्येन पंधरावा. त्या काळीं कागद चिंध्यांपासून करीत. चिंध्या भिजवून कुजवावयाच्या, कुटून त्यांचा लगदा करावयाचा, तो जाळीच्या साच्यांत उचलून एकेक ताव पाडावयाचा, दाबून पाणी काढावयाचें आणि माडीवर दोऱ्यांवर वाळत घालावयाचा, असें तें काम. हलका, चिवट व दाट कागद म्हणजे काय, हें या घरांतील मुलांना कोणी मुद्दाम शिकवावें लागलें नाहीं. पुढें आकाशांत जें चढलें, त्याला अस्तर याच कागदाचें होतें.

जोसेफला तूर्नों येथील पाद्र्यांच्या विद्यालयांत घातलें. परंतु तेथें त्याचें मन रमेना. ठराविक तासांना ठराविक धडे घोकणें त्याला असह्य होई. सुमारें तेराव्या वर्षीं तो तेथून पळाला. समुद्रकांठ गांठावयाचा व तेथें शिंपल्यांवर गुजराण करावयाची, असा त्याचा बेत होता म्हणतात. वाटेंतच भुकेनें गांठलें, एका शेतावर मजुरी करावी लागली, आणि अखेर घरच्यांनीं शोधून त्याला पुन्हां त्याच बाकावर आणून बसविलें. नंतर अंकगणिताचें एक पुस्तक त्याच्या हातीं पडलें व तें त्यानें आपल्या आपण वाचून काढलें, असें चरित्रकार सांगतात. शाळेंतून सुटल्यावर तो सेंत-एत्येन गांवीं एका लहानशा खोलींत राहिला, निळा रंग व क्षार तयार करूं लागला आणि ते स्वतःच फिरून विकूं लागला. पुढें त्यानें कागदाचे कारखानेही काढले. परंतु नवीन प्रयोगांच्या नादांत हिशेबाकडे दुर्लक्ष होई व कर्ज वाढे. बापाच्या दृष्टीनें हा मुलगा वायां गेलेलाच होता.

येथें आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा होता. वहीचीं पानें फाडून तो कागदाचीं भिरभिरीं करी. आम्हीं त्याला दोनदां वर्गाबाहेर उभें केलें, आणि तिसऱ्या वेळीं तें भिरभिरें चुरगळून केराच्या टोपलींत टाकलें. तें कां फिरतें, हें त्याला विचारावें असें आम्हांस सुचलें नाहीं. पुढें त्यानें शाळा सोडली. जोसेफचें बालपण वाचतांना तो मुलगा आमच्या डोळ्यांपुढें उभा राहतो.

जोसेफचें भाग्य असें कीं, त्याला एत्येनसारखा भाऊ लाभला. एत्येन शांत, नेमस्त व गणितांत तरबेज होता. त्यानें पॅरिसमध्यें वास्तुशिल्पाचें शिक्षण घेतलें होतें. परंतु १७७२ मध्यें वडील भाऊ रेमों वारला, तेव्हां बापानें त्याला घरीं बोलावून कारखाना त्याच्या हवालीं केला. एकाला कल्पना सुचावी व दुसऱ्यानें ती आंखून, मोजून, शिवून उभी करावी, अशी ही जोडी जमली.

१७८२ च्या नोव्हेंबरांत जोसेफ आव्हिन्यों शहरीं होता. चुलीसमोरचा धूर वर जातांना पाहून त्याच्या मनांत आलें कीं, हा धूर पिशवींत कोंडला तर पिशवीही वर जाईल. त्यानें पातळ लांकडी कामट्यांचा सांगाडा केला, त्याला रेशमी कापड लावलें व खालून कागद पेटविला. तो डबा उठून छताला जाऊन टेकला. लागलीच त्यानें एत्येनला रेशमी कापड व दोर जमविण्याविषयीं पत्र धाडलें. डिसेंबरांत दोघांनीं केलेला मोठा गोळा इतक्या जोरानें सुटला कीं त्यांना तो आवरतां आला नाहीं.

यानंतर ४ जून १७८३ हा दिवस उजाडला. आनोनेच्या चौकांत प्रांतिक सभेचे सभासद व गांवकरी जमले होते. गोळा तागाच्या कापडाचा, आंतून कागदाचें अस्तर, चार तुकडे सुमारें १,८०० गुंड्यांनीं जोडलेले. वजन सुमारें २२५ किलोग्रॅम व पोकळी जवळजवळ ७९० घनमीटर. खालीं गवत व लोंकर पेटवितांच ती लोंबती पिशवी फुगली, तिनें आकार घेतला आणि धरणाऱ्यांनीं दोर सोडतांच ती मेघांकडे निघाली. दहा मिनिटांनीं ती सुमारें दोन किलोमीटरांवर उतरली. ज्या मुलाला शाळा नकोशी झाली होती, तो त्या दिवशीं बेचाळीस वर्षांचा होता.

ही वार्ता पॅरिसला पोहोंचली. तेथील शास्त्रज्ञ शार्ल यानें हायड्रोजन वायूनें भरलेलें बलून २७ ऑगस्ट रोजीं सोडलें. तें गोनेस गांवीं पडलें, तेव्हां हा कोणी राक्षस आहे असें समजून शेतकऱ्यांनीं त्याला दांताळ्यांनीं फाडलें. इकडे एत्येन पॅरिसला आला. भिंतीवरचे रंगीत कागद करणारा रेव्हेयों याच्या साह्यानें त्यानें निळें व सोनेरी नक्षीचें बलून उभारलें. १९ सप्टेंबर रोजीं व्हर्साय येथें राजा सोळावा लुई व राणी मारी आंत्वानेत यांच्यासमोर एक मेंढी, एक बदक व एक कोंबडा यांना पिंजऱ्यांत घालून तें वर सोडलें. आठ मिनिटांनीं सर्व जिवंत उतरले.

आतां माणसाची पाळी होती. प्रथम देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्यांना पाठवावें असा राजाचा विचार होता. परंतु पिलात्र द रोझिए या तरुणानें हा मान कैद्यांना जाऊं नये असा आग्रह धरला. २१ नोव्हेंबर १७८३ रोजीं तो व मार्की दार्लांद यांनीं सुमारें २५ मिनिटें पॅरिसवरून मोकळा प्रवास केला. बलून बांधणारा एत्येन मात्र जमिनीवरच राहिला, कारण आपण वर जाणार नाहीं असें वचन म्हाताऱ्या बापानें त्याच्याकडून घेतलें होतें असें म्हणतात. त्याच डिसेंबरांत राजानें पिएरला सरदारकी बहाल केली. एका मुलाला ज्यानें वायां गेलेला मानलें, त्याचेंच घराणें त्याच मुलाच्या कल्पनेनें थोर झालें.

जोसेफ स्वतः एकदांच वर गेला. १९ जानेवारी १७८४ रोजीं लियों शहरांत सुमारें २३,००० घनमीटरांचें प्रचंड बलून सिद्ध झालें. त्यांत पिलात्रसह सात जण चढले. वर गेल्यावर कापड फाटलें व बलून वेगानें खालीं आलें. पण सर्व बचावले. पिलात्र मात्र १५ जून १७८५ रोजीं इंग्लिश खाडी ओलांडूं पाहतांना बलून कोसळून मरण पावला.

या ठिकाणीं एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बलून कां चढतें, याचें जोसेफनें मनाशीं धरलेलें कारण चूक होतें. धुरांत कांहीं विशेष वायु असून तोच गोळा उचलतो, असें भावांना वाटे; म्हणूनच ते ओलें गवत व लोंकर जाळून धूर दाट करीत. वस्तुतः धुराचा यांत कांहींच वांटा नाहीं. हवा तापली म्हणजे पसरते व पसरल्यानें विरळ होते. साधारण हवेचा एक घनमीटर सुमारें १.२ किलोग्रॅम भरतो. तीच हवा १०० अंशांपर्यंत तापविली तर त्यांतून सुमारें पाव किलोग्रॅम वजन कमी होतें. असे शेंकडों घनमीटर एका पिशवींत सांठविले कीं ती कापडासह वर उचलली जाते. उष्णता हेंच खरें कारण, असें जिनेव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर यानें दाखवून दिलें. चुकीच्या तर्कानेंही जोसेफ यशाला पोहोंचला, कारण त्यानें तर्कावर न थांबतां प्रयोग केला. परंतु तर्क सुधारल्यावांचून पुढच्या पिढ्यांना धूरविरहित बलून करतां आलें नसतें. दोन्ही गोष्टींची गरज असते.

फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली, तरी जोसेफचें डोकें थांबलें नाहीं. १७९६ मध्यें त्यानें पाणी चढविण्याचें एक अपूर्व यंत्र काढलें. उतारावरून नळींतून धांवणारें पाणी झडप एकाएकीं मिटल्यानें अडतें व धडक देतें. त्या धडकेनें थोडें पाणी दुसऱ्या झडपेंतून उंचावर फेंकलें जातें, आणि पुन्हां तेंच चक्र सुरू होतें. ना बैल, ना लांकूडफांटा. झरा वाहतो तोंवर यंत्र चालतें. या धडकेवरूनच फ्रेंच भाषेंत त्याला एडक्याचें नांव मिळालें. एत्येन १७९९ मध्यें वारला. कारखाना त्याचा जांवई काँसों याच्याकडे गेला, व त्या नांवाचा कागद चित्रकार अजून वापरतात. जोसेफ पॅरिसच्या कला व हुन्नर यांच्या संग्रहालयांत यंत्रें समजावून देण्याच्या कामावर राहिला. १८०७ मध्यें तेथील विज्ञान अकादमीनें त्याला सभासद निवडलें. शाळेंतून पळालेला मुलगा अशा रीतीनें शेवटीं शिक्षकच झाला. २६ जून १८१० रोजीं बालारुक येथें त्याचा अंत झाला.

आनोनेचे लोक त्याला विसरले नाहींत. दर वर्षीं जून महिन्यांत तेथें बलूनचा उत्सव भरतो. अठराव्या शतकाचा पोशाख करून गांवकरी जमतात, गवताचा विस्तव करतात आणि पहिल्या उड्डाणाचा देखावा पुन्हां उभा करतात. १९६० मध्यें अमेरिकेंत एड योस्ट यानें प्रोपेन वायूच्या शेगडीवर चालणारें बलून उडविलें, तेव्हांपासून ही विद्या सर्वत्र पसरली. १९७२ मध्यें न्यू मेक्सिकोंतील आल्बुकर्क येथें तेरा बलूनें जमलीं होतीं. त्याच उत्सवाला पुढें शेंकडों येऊं लागलीं. अशा उत्सवांत उड्डाण पहांटे किंवा सायंकाळीं करतात, कारण तेव्हां वारा शांत असतो. एकट्यानें बलून उडत नाहीं : कापड पसरणारे, तोंड धरणारे, दोर ओढणारे आणि रस्त्यानें पाठलाग करून उतरलेल्यांना परत आणणारे, असे अनेक हात लागतात. ज्याच्या शेतांत उतरावें त्याला मद्याची बाटली भेट द्यावी, अशीही एक चाल आहे. गोनेसच्या घाबरलेल्या शेतकऱ्यांची आठवण तिच्याशीं जोडतात. युरोपांत कांहीं ठिकाणीं प्रथम उडालेल्याला थट्टेनें सरदारकीचा किताब देतात. म्हाताऱ्या पिएरला मिळालेला मान असा गमतीनें वांटला जातो.

त्या उत्सवांतील शेंकडों रंगीत गोळ्यांचीं चित्रें पाहतांना आमचें लक्ष मात्र खालीं दोर धरून उभ्या असलेल्या मंडळींकडे जातें. जोसेफला एत्येन भेटला नसता, तर त्याचा डबा आव्हिन्योंच्या छतालाच टेकून राहिला असता. आमच्या वर्गांतील त्या मुलाला दोर धरणारें कोणी भेटलें कीं नाहीं, हें आम्हांस ठाऊक नाहीं. तें काम आमचें होतें, एवढें मात्र आतां कळतें. यंदा मागच्या बाकावर पुन्हां कोणी भिरभिरें केलें, तर टोपली जवळ ओढण्यापूर्वीं तें कां फिरतें हें आम्ही त्याला विचारूं, आणि तो सांगेल तें बसून ऐकूं.