प्रशांतचंद्र महालनोबिस : आकडा तपासून घेणारा माणूस

२९ जून हा सांख्यिकी दिन आपण शाळेत साजरा करतो. तो प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस. जन्म १८९३, कोलकाता. केंब्रिजला भौतिकशास्त्र शिकून आले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. १९३१ साली त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था काढली. पुस्तकात बहुधा एवढंच असतं.

१९२६ साली ओडिशात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. इंजिनिअर मंडळींचं मत पडलं, नदीचा तळ वर आलाय, बांध उंच करा. महालनोबिस यांनी जुन्या नोंदी काढून बघितल्या. तळ वर आलेलाच नव्हता. वरच्या खोऱ्यात पाऊसच जास्त झाला होता. म्हणजे पैसा चुकीच्या ठिकाणी ओतला गेला असता!

पिकाची आणेवारी तुम्हाला माहीत आहेच : सोळा आण्यांपैकी पीक किती, ते नजरेनं ठरवायचं. बंगालमध्ये तर कायमधारा पद्धतीमुळे तलाठ्याचं दप्तरही नव्हतं. गावचा चौकीदार सांगेल तो आकडा वर जायचा आणि सरकारचा निर्णय त्यावर ठरायचा. १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली, तेव्हा प्रांतात तांदूळ नेमका किती, याचा भरवशाचा आकडाच सरकारजवळ नव्हता. कारणं इतरही होती, पण हे एक होतंच.

महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालात तागाची नमुना पाहणी सुरू केली होती. शितावरून भाताची परीक्षा, असं मुलांना सांगा. फक्त शीत कुठलं उचलायचं ते आपल्या मर्जीवर सोडायचं नाही. शिवाय एकाच भागात दोन वेगळ्या तुकड्या पाठवायच्या. दोघींचे आकडे जुळले नाहीत, तर गडबड लगेच कळते. पुढे १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, ती याच वाटेनं.

त्यांचंही सगळं बरोबर होतं असं नाही हं. पीक कापायचे त्यांचे तुकडे लहान असत. कडेची रोपं आत धरली जाऊन उत्पन्न फुगतं, हे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पांडुरंग सुखात्मे यांनी दाखवून दिलं. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचं गणित महालनोबिस यांनीच मांडलं. कुठल्या क्षेत्रात किती भांडवल घातलं की किती उत्पादन निघेल, हे आकडे त्यात बरेचसे अंदाजाचे होते. अवजड उद्योगांना झुकतं माप मिळालं, शेती मागे राहिली.

२८ जून १९७२ रोजी ते गेले, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.