लक्ष्मीबाई टिळक : दोन धर्मांच्या उंबरठ्यावर
नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई (१८६८-१९३६) हिंदूच राहिल्या. काही काळ त्यांनी पंढरपुरास काढला. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. ग्रंथप्रामाण्याचा वाद टिळकांचा. लक्ष्मीबाईंची शंका चूल आणि पाण्याची घागर यांपाशी अडलेली होती. जातिभेद मानवनिर्मित आहे, अशी त्यांची खात्री पटली आणि प्रथम स्पर्शास्पर्शाचा विचार गळाला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. ‘स्मृतिचित्रे’तील विनोदाचे कौतुक करताना मराठी समीक्षेने या पाच वर्षांच्या घालमेलीकडे, प्रस्तुत लेखिकेच्या मते, पुरेसे लक्ष दिलेले नाही. १९१९ मध्ये टिळक वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.