वैनगंगाकाठच्या मोगलीचा बाप

मैत्रिणींनो, दर रविवारी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं, ते दिवस आठवतात ना? साल १९९३. आपल्यातल्या बऱ्याच जणी तेव्हा शाळेत होत्या. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता. पण त्या मोगलीचं जंगल आपल्या किती जवळचं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ते मध्य प्रदेशातल्या सिवनीचं, आणि त्यातली नदी म्हणजे आपली वैनगंगा! सिवनीत उगम पावून बालाघाटहून आपल्या जिल्ह्याच्या कडेनं जाते तीच.

ही गोष्ट लिहिणारा रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला. वडील लॉकवूड किपलिंग जे. जे. कला शाळेत शिकवायचे. घरात एक आया होती आणि मीता नावाचा नोकर. दुपारी झोपवताना ही दोघं बाळाला इथल्याच गोष्टी आणि गाणी ऐकवायची. त्यामुळे साहेबाचं पोरगं हिंदुस्थानीत विचार करायचं, आणि आईबापाशी इंग्रजीत बोल म्हणून त्याला आठवण द्यावी लागायची. मला वाटतं, मोगलीचा खरा जन्म त्या आयेच्या मांडीवरच झाला.

सहावं वर्ष पुरं व्हायच्या आत, १८७१ मध्ये, त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडला एका परक्या बाईच्या घरी ठेवलं. त्या काळी तशी रीतच होती. तिथे त्यानं सहा वर्षं छळ सोसला. आईबापापासून तुटून भलत्याच कळपात वाढणारं पोर त्याला इतकं नेमकं कसं जमलं, ते इथे कळतं. पुढे १८८२ मध्ये तो परत आला, आणि लाहोर-अलाहाबादला सात वर्षं वर्तमानपत्रात नोकरी केली. इंग्रजी राज्याचा तो कट्टर पाठीराखा, हे काही मला पटत नाही. पण गोष्ट सांगावी तर त्यानंच.

‘जंगल बुक’ त्यानं लिहिलं ते मात्र अमेरिकेत, बर्फाळ व्हर्मांटमध्ये. सिवनी त्यानं पाहिलीच नव्हती! स्टर्नडेल नावाच्या साहेबाची सिवनीवरची नि प्राण्यांवरची पुस्तकं वाचून त्यानं हे रान उभं केलं. पुस्तक १८९४ ला आलं, दुसरा भाग पुढच्या वर्षी. त्यातला बल्लू सिनेमातल्यासारखा नाचरा नाही बरं का, तो पिल्लांना जंगलाचे कायदे पाठ करून घेणारा मास्तर आहे. मला हाच बल्लू हवासा वाटतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे बाया मोहफुलं वेचायला जातात आणि अस्वलही त्याच झाडाखाली येतं. तिथल्या लेकरांना अस्वल टेडी वाटून चालत नाही, नि राक्षस वाटूनही चालत नाही. शेरखानवर मात्र अन्याय झाला. तो जन्मापासून लंगडा, म्हणून गुरंढोरं मारायचा. हे न सांगता पोरांना नुसता दुष्ट वाघ दाखवला, तर नागझिरा कशाला राखायचा हे त्यांना कसं कळणार?

किपलिंगला थोरली मुलगी झाली १८९२ च्या डिसेंबरात, जोसेफिन. तिला तो रोज झोपताना उंटाच्या मदारीची, बिबट्याच्या ठिपक्यांची, गेंड्याच्या कातडीची गोष्ट सांगायचा. एक शब्द इकडचा तिकडे झाला की ती अडवायची, जश्शीच्या तश्शी सांग म्हणायची! त्यातली हत्तीच्या पिल्लाची गोष्ट मी अंगणवाडीत हमखास सांगते. ते पिल्लू फार प्रश्न विचारतं म्हणून घरचे सगळे त्याला चोपतात. शेवटी मगर काय खाते हे विचारायला ते नदीवर जातं. मगर नाक धरून ओढते, आणि नाकाची सोंड होते. ओढणी नाकाला लावून मी हत्ती झाले की रडकं पोरही गप्प होतं. २०२२ साली गडचिरोलीकडून हत्तींचा कळप आपल्या जिल्ह्यात आला, तेव्हापासून तर या गोष्टीला फारच मागणी आहे. मग हळूच सांगून घेते, खरा हत्ती दिसला तर लांबूनच बघायचा, जवळ जायचं नाही.

१८९९ च्या सुरुवातीला ही मंडळी बोटीनं न्यूयॉर्कला गेली. तिथे बापलेक दोघांनाही न्यूमोनिया झाला. सहा वर्षांची जोसेफिन गेली. बाप स्वतःच मरणाच्या दारात होता, त्याला ही बातमी लगेच सांगितलीही नाही. तो वाचला, पण पुन्हा कधी अमेरिकेत पाऊल ठेवलं नाही. तिला सांगितलेल्या त्या गोष्टींचं पुस्तक १९०२ मध्ये निघालं, चित्रं त्यानं स्वतः काढली. १९०७ चं नोबेल मिळालं. १९१५ मध्ये मुलगा जॉन महायुद्धात गेला, वय अवघं अठरा. १९३६ च्या जानेवारीत किपलिंग वारला, तेव्हा तीन मुलांतली एल्सी एकटी मागे उरली होती.

इंग्लंडमधल्या तिच्या घरात २०१० साली ‘जंगल बुक’ची एक जुनी प्रत सापडली. हे पुस्तक जोसेफिनचं आहे, तिच्याचसाठी तिच्या बापानं लिहिलंय, असं आत किपलिंगच्या हातचं लिहिलेलं आहे. खाली महिना आहे मे, साल १८९४. तेव्हा जोसेफिन जेमतेम दीड वर्षाची होती.