धुणं धुणाऱ्या बाईनं केसांची निगा शिकवणारं कॉलेज काढलं आणि हजारो बायकांच्या हाताला काम दिलं

गोष्ट आहे १९१२ सालची. अमेरिकेतल्या शिकागोमध्ये कृष्णवर्णीय व्यावसायिकांचं अधिवेशन भरलं होतं. अध्यक्ष होते बुकर टी. वॉशिंग्टन, कृष्णवर्णीयांचे त्या काळातले सगळ्यात वजनदार नेते. एक बाई बोलायला वेळ मागत होती आणि वॉशिंग्टन तिच्याकडे काणाडोळा करत होते. केसांच्या मलमांचा धंदा त्यांना फारसा पसंत नव्हता.

शेवटच्या दिवशी ती बाई परवानगीची वाट न बघता उभीच राहिली. कापसाच्या शेतापासून स्वतःच्या कारखान्यापर्यंतचा प्रवास तिनं भर सभेत सांगून टाकला. पुढच्याच वर्षी त्याच वॉशिंग्टन यांनी तिला अधिवेशनात भाषणाला बोलावलं.

ही बाई म्हणजे मॅडम सी. जे. वॉकर.

मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७, लुईझियाना राज्यातल्या डेल्टा गावी. आईवडील ज्या कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबले, तिथेच तिचा जन्म झाला. घरात जन्मापासून स्वतंत्र असलेलं हे पहिलं मूल. पण सातव्या वर्षी ती अनाथ झाली, चौदाव्या वर्षी लग्न झालं आणि विशीत विधवा झाली. पदरात लेलिया नावाची लहान मुलगी होती.

सारा लेकीला घेऊन सेंट लुईसला गेली. तिथे तिचे भाऊ न्हाव्याचा व्यवसाय करायचे. ती लोकांचे कपडे धुवायला लागली. दिवसभर राबून डॉलर-दीड डॉलर हातात यायचे.

त्यात तिचे केस गळायला लागले. तेव्हा अनेक घरांत नळाचं पाणी नव्हतं, डोकं वारंवार धुणं व्हायचं नाही आणि त्यातून टाळूचे आजार व्हायचे. उपाय शोधताना तिची गाठ पडली ॲनी टर्नबो यांच्या केसांच्या औषधांशी. सारा त्यांचीच विक्रेती झाली. १९०५ मध्ये ती डेन्व्हरला गेली आणि पुढे तिनं स्वतःचं मलम बाजारात आणलं. १९०६ मध्ये चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न झालं आणि डब्यांवर मॅडम सी. जे. वॉकर हे नाव झळकलं.

पण खरा खेळ पुढे आहे.

मलमात गंधक होतं, आणि गंधकाचा उपाय जुनाच होता. असं मलम दुसरं कुणीही बनवू शकलं असतं. ते वापरायचं कसं आणि विकायचं कसं, हे शिकलेल्या बायका मात्र तयार कराव्या लागणार होत्या. म्हणून १९०८ मध्ये मॅडम वॉकर यांनी पिट्सबर्गमध्ये लेकीच्या नावानं लेलिया कॉलेज सुरू केलं.

तिथे टाळू तपासणं, केस धुणं, मालिश करणं, मलम लावणं, तापवलेला कंगवा सांभाळून फिरवणं असं सगळं शिकवलं जायचं. हा कंगवा मॅडम वॉकर यांचा शोध आहे असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही, तो आधीपासून वापरात होता.

केसांइतकाच भर विक्रीवर होता. गिऱ्हाइकाच्या घरी कसं जायचं, माल वापरून कसा दाखवायचा, स्वतः नीटनेटकं कसं राहायचं. पांढरा ब्लाउज आणि लांब काळा स्कर्ट ही त्यांच्या विक्रेत्यांची ओळख झाली. ज्यांना येणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी टपालानं कोर्स होता. शिकून झालं की डिप्लोमा मिळायचा.

या कागदाला एवढं महत्त्व का? कारण तेव्हा कृष्णवर्णीय बाईसमोर पर्याय ठरलेले होते. शेत, धुणं, नाहीतर गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक. गोऱ्यांच्या दुकानात काउंटरवर उभं राहायला त्यांना सहसा कुणी घेत नसे. डिप्लोमा घेतलेली बाई मात्र स्वतःच्या घरातल्या एका खोलीतही पार्लर टाकू शकत होती. तिला ना मालकीण, ना मुकादम.

१९१० मध्ये मॅडम वॉकर यांनी इंडियानापोलिसला बस्तान हलवलं. तिथे कारखाना, सलून आणि प्रशिक्षण शाळा उभी राहिली. आपल्या विक्रेत्यांची संख्या हजारोंत असल्याचं कंपनी सांगायची.

टीकाही झाली. हा धंदा काळ्या बायकांना गोऱ्यांसारखं दिसायला शिकवतो, असा आक्षेप होता. आपला भर केस सरळ करण्यावर नसून केसांच्या आरोग्यावर आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तो वाद पुढेही मिटला नाही. शिवाय ही वाट एकट्या मॅडम वॉकर यांची नव्हती. त्यांच्या आधीपासून या धंद्यात असलेल्या ॲनी टर्नबो, म्हणजेच पुढच्या ॲनी मलोन, यांनी १९१८ मध्ये सेंट लुईसमध्ये भव्य पोरो कॉलेज बांधलं. त्यांचं नाव मात्र मागे पडलं.

१९१७ मध्ये फिलाडेल्फियात मॅडम वॉकर यांच्या विक्रेत्यांचं अधिवेशन भरलं. दोनशेहून जास्त बायका आल्या. बक्षिसं विक्रीसाठी होती, तशी समाजकार्यासाठीही होती. कृष्णवर्णीयांना जमावानं ठार मारण्याचे प्रकार थांबवा, अशी तार या बायकांनी थेट राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पाठवली.

२५ मे १९१९ रोजी मॅडम वॉकर गेल्या. वय होतं अवघं ५१. स्वतःच्या कमाईवर दशलक्षाधीश झालेली अमेरिकेतली पहिली बाई अशी त्यांची ओळख सांगितली जाते. त्यांच्या खऱ्या संपत्तीच्या आकड्यावर मात्र आजही वाद होतो.

पण १९२७ मध्ये इंडियानापोलिसला त्यांच्या नावाची इमारत उघडली, तेव्हा कारखाना आणि थिएटरसोबत तिथे केसांची निगा शिकवणारी शाळाही होती. मॅडम गेल्या, तरी हातात डिप्लोमा घेऊन बायका बाहेर पडतच राहिल्या.