विश्लेषण : यीस्ट काम करायचं थांबतं तेव्हा... बिअरच्या पिंपात लुई पाश्चर यांना काय दिसलं?

दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द आपण रोज वाचतो. पण ज्यांच्या नावावरून तो आला त्या लुई पाश्चर यांनी दुधाच्या नव्हे, तर दारूच्या टाक्यांच्या तक्रारी आधी सोडवल्या होत्या. आंबवण्याची क्रिया मध्येच का अडते, हा प्रश्न त्यांना अनेक वर्षे पुरला.

तक्रार कोणाची होती?

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत. शिक्षणाने पाश्चर रसायनशास्त्रज्ञ. १८५४ मध्ये ते लील येथील विज्ञान शाखेचे डीन झाले. १८५६ मध्ये बिगो नावाचे कारखानदार त्यांच्याकडे आले. त्यांचा मुलगा पाश्चर यांचा विद्यार्थी होता. बिगो बीटपासून अल्कोहोल बनवत; पण काही टाक्यांमध्ये अल्कोहोलऐवजी आंबट द्रव तयार होत होता आणि माल वाया जात होता.

पाश्चर कारखान्यात गेले, नमुने घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या टाकीतले कण गोल होते, बिघडलेल्या टाकीत ते लांबट दिसत होते. वर्षभरात, १८५७ मध्ये, त्यांनी दूध आंबण्याच्या क्रियेवर निबंध मांडला. आंबवणे हे सजीवांचे काम आहे आणि प्रत्येक प्रकारच्या आंबण्यामागे वेगळा सूक्ष्मजीव असतो, असा त्याचा अर्थ होता. युस्टुस फॉन लीबिग यांच्यासारख्या दिग्गज जर्मन रसायनशास्त्रज्ञाला हे मान्य नव्हते. त्यांच्या मते हा कुजणाऱ्या पदार्थांचा रासायनिक खेळ होता.

मग बिअर कुठून आली?

युद्धातून. त्याआधीचा काळ पाश्चर यांच्यासाठी फार वाईट गेला होता. १८५९ ते १८६६ या काळात त्यांच्या तीन मुली दगावल्या, १८६८ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू अधू झाली. १८७०-७१ मध्ये फ्रान्स जर्मनांकडून हरला. संतापलेल्या पाश्चर यांनी बॉन विद्यापीठाने दिलेली मानद पदवी परत केली आणि जर्मन बिअरला तोडीस तोड फ्रेंच बिअर बनवायचे ठरवले. स्वतः ते बिअरचे फारसे शौकीन नव्हते, हा भाग वेगळा!

क्लेरमों-फेराँजवळच्या शामालिएर येथील एका छोट्या ब्रुअरीत त्यांनी काम सुरू केले. सप्टेंबर १८७१ मध्ये ते लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेले. तिथल्या पोर्टर बिअरचे यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच त्यात नको ते जंतू दिसले. काही दिवसांनी पाश्चर पुन्हा गेले, तेव्हा व्यवस्थापकांनी स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता. १८७६ मध्ये त्यांचा बिअरवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

किण्वन मंदावते किंवा अडते, ते का?

बिअरसाठी मोड आणलेल्या बार्लीचा गोड रस उकळून थंड करतात आणि त्यात यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते. अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. बुडबुडे थांबले आणि रस अजून गोडच असला, तर घोडे कुठेतरी अडले आहे.

पाश्चर यांचे उत्तर यीस्टच्या तब्येतीत होते. यीस्टला नुसती साखर पुरत नाही, नत्र आणि खनिजेही लागतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले होते. दुसरा मुद्दा हवेचा, आणि तो गमतीशीर आहे. हवा मिळाली की यीस्टची संख्या भराभर वाढते. पण भरपूर हवेत ते साखरेच्या मानाने अल्कोहोल कमी बनवते. याला आजही ‘पाश्चर परिणाम’ म्हणतात. उलट दीर्घकाळ हवेविना राहिलेले यीस्ट म्हातारे होते आणि कामाला लागायला उशीर करते. उकळलेल्या रसातला ऑक्सिजन निघून गेलेला असतो. म्हणून यीस्ट घालताना रसात हवा मिसळायची आणि किण्वनाने जोर धरल्यावर मात हवा आत येऊ द्यायची नाही. यीस्टला पेशींचे आवरण घडवण्यासाठी ऑक्सिजन लागतो, हे कारण पुढच्या शतकात कळले.

परदेशात घरी बिअर बनवणारे आजही याच क्रमाने तपासणी करतात : तापमान फार उतरले का, यीस्ट जुने किंवा कमी होते का, सुरुवातीला हवा मिळाली का. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणे गुन्हा आहे.)

पाश्चर कुठे कमी पडले?

त्यांचा रोख मुख्यतः जिवाणूंवर होता. यीस्टमध्येही बिअर बिघडवणारे जंगली प्रकार असतात, हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी दाखवले आणि १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट तिथे वापरात आले.

पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले. दोनच वर्षांनी एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाटून, त्याच्या जिवंत पेशी नसलेल्या रसानेही साखर आंबवून दाखवली. म्हणजे लीबिग यांच्या रसायनवादात थोडे तथ्य होते. मात्र ते रसायन बनवणारे यीस्टच होते.